देव पण आणि डॉक्टर पण: ख्रिस्ती पुरुषांनी मनाच्या जखमांवर काम कसं करायचं

चर्चमधल्या पुरुषांच्या प्रार्थना गटात एकदा नीट कान देऊन बसा. प्रार्थनेचे विषय विचारले की कोणी आईच्या ऑपरेशनसाठी सांगतो, कोणी मुलाच्या परीक्षेसाठी, कोणी ऑफिसातल्या अडचणीसाठी, आणि फारच धाडस केलं तर एखादा म्हणतो की थोडं टेन्शन आहे, प्रार्थनेत ठेवा. "मला रात्री झोप लागत नाही आणि गाडी चालवताना असं वाटतं की समोरच्या ट्रकवर घालावी" हे वाक्य त्या खोलीत कोणी बोलत नाही. पण ते वाक्य डोक्यात घेऊन बसलेला एखादा तिथे असू शकतो. मी स्वतः कितीतरी वर्षं आईच्या गुडघेदुखीसाठी प्रार्थना मागत होतो.

नंतर मी थेरपी घेतली, गोळ्या घेतल्या, आणि आता पुरुषांच्या एका छोट्या गटात मदत करतो. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पण विश्वास आणि उपचार हे दोन्ही सोबत कसे चालवायचे यावर मराठीत पायरीपायरीने लिहिलेलं मला तेव्हा मिळालं नव्हतं, म्हणून हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की शास्त्र सांगतं दुखणं कसं चालतं आणि कसं उतरतं, विश्वास सांगतो की हे दुखणं घेऊन कुणासमोर उभं राहायचं, आणि गडबड तेव्हा होते जेव्हा आपण एकाचा वापर दुसऱ्यापासून पळायला करतो.

पळवाट दोन्हीकडून असते. प्रार्थना केली की झालं, डॉक्टर म्हणजे अविश्वास, ही एक. दुसरी जरा सोफिस्टिकेटेड, थेरपीत सगळं बोलायचं पण देवावर जो राग आहे तो तिथेही काढायचा नाही कारण थेरपिस्टला काय कळणार. मी दोन्ही करून झालोय.

सगळ्यात आधी: मोजून घ्या

पुरुषांचं डिप्रेशन बऱ्याचदा रडण्यासारखं दिसतच नाही. चिडचिड, लहानसहान गोष्टीवर स्फोट, दारू वाढणं, कामात बुडून जाणं, रात्री मोबाईलवर नको ते बघत बसणं, अंगदुखी, पोट बिघडणं, बेफिकीर गाडी चालवणं. बायको म्हणते स्वभाव बदलला, पाळक म्हणतात आत्मिक थंडपणा आला, आणि कोणालाच आजार दिसत नाही. म्हणून अंदाजावर जाऊ नका.

पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली आहे, २००१ साली प्रसिद्ध झाली, जगभर डॉक्टर वापरतात आणि फुकट मिळते. ९ प्रश्न, गेल्या २ आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून जास्त आणि २० पासून गंभीर असं धरतात. यावरून निदान होत नाही, ते डॉक्टर करतात, पण १० किंवा जास्त आले तर अपॉइंटमेंट घ्यायची, तिथे विचार करत बसायचं नाही. तारीख घालून आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करायच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर आकड्यांची बेरीज विसरा आणि आजच एका जिवंत माणसाला सांगा. प्लॅन डोक्यात असेल तर हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा किंवा तुमच्या देशातल्या हेल्पलाइनला फोन करा, एकटे राहू नका, आणि ज्या वस्तूने ते होऊ शकतं ती घरातून दुसऱ्याकडे द्या. जगात दर वर्षी ७ लाखांहून जास्त लोक आत्महत्येने जातात आणि पुरुषांचा दर बायकांच्या दुपटीहून जास्त आहे. हा लेख त्या क्षणासाठी नाही. ते सांभाळून मग परत या.

आणि हो, रक्त तपासा. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर. घोरणं जोरात असेल आणि सकाळी उठून डोकं जड असेल तर स्लीप अॅप्नियाबद्दल (झोपेत श्वास अडकणं) विचारा. थायरॉइड मंद झालेल्या माणसाला उपास आणि पश्चात्ताप सांगणं म्हणजे मोडक्या पायाला पळायला सांगणं.

शरीर पहिलं, एलीयाला विचारा

१ राजे १९ वा अध्याय काढा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून झाल्यावर एलीया रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो बस झालं, माझा जीव घे. आता देव काय करतो बघा. वचन ऐकवत नाही, तुझा विश्वास कुठे गेला असं विचारत नाही. तो झोपतो, देवदूत स्पर्श करून उठवतो, भाकर आणि पाणी ठेवलेलं असतं, खातो, परत झोपतो, परत उठवून खायला देतात. मग ४० दिवसांची चाल. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न होरेब डोंगरावर पोचल्यानंतर येतो, आणि उत्तर देताना एलीया तक्रार करतो तर ती ऐकून घेतली जाते, तेच उत्तर दोनदा देतो तरी. शेवटी त्याला सांगितलं जातं की तू एकटा नाहीस, अजून ७,००० आहेत, आणि सोबतीला अलीशा मिळतो.

झोप, जेवण, चालणं, बोलणं, सोबत. हा क्रम आजच्या क्लिनिकमध्ये नेलात तरी कोणी हसणार नाही. म्हणून पहिले २ आठवडे फक्त एवढंच करा:

- उठायची वेळ एकच ठेवा, सुट्टीला पण. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते.
- रोज अर्धा तास चाला, मन असो नसो. डिप्रेशनमध्ये इच्छा होईल मग करू म्हटलं तर इच्छा येतच नाही, आधी पाय हलतात, मन मागून येतं. याला बिहेवियरल अॅक्टिव्हेशन म्हणतात आणि हा मान्यताप्राप्त उपचार आहे.
- दारू बंद. ती झोप आणते असं वाटतं पण मधल्या रात्रीची झोप खाते. रोजची आणि जास्त सवय असेल तर एकदम सोडू नका, अंगाला झटके येऊ शकतात, डॉक्टरला विचारून सोडा.
- श्वास. ४ आकडे आत, ६ आकडे बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण ६ श्वास, १० मिनिटं.

श्वासाबद्दल एक मजेशीर गोष्ट. २००१ साली एका मेडिकल जर्नलमध्ये २३ निरोगी लोकांवरचा अभ्यास आला होता, त्यांना लॅटिनमध्ये रोझरीची प्रार्थना म्हणायला लावली तर श्वास आपोआप मिनिटाला ६ च्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली (योगातल्या मंत्रानेही तेच झालं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं). म्हणजे रोझरी म्हणणाऱ्यांच्या श्वासाची काळजी त्यांना न कळता घेतली जात होती. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत येशू-प्रार्थना आहे ती यासाठी मस्त बसते: श्वास आत घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता", सोडताना "माझ्यावर दया कर". पॅनिक येतं तेव्हा लांब प्रार्थना सुचत नाही, ही सुचते.

"ठीक आहे" सोडून दुसरा शब्द शोधा

माझ्या थेरपिस्टने पहिल्या सेशनला विचारलं कसं वाटतंय, मी म्हटलं ठीक आहे, तिने विचारलं ठीक म्हणजे काय, आणि मी अक्षरशः अडकलो. मला राग आणि भूक एवढ्या दोनच भावना ओळखता येत होत्या. याला अॅलेक्सिथायमिया असा शब्द आहे, पीटर सिफनिऑस नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेला, अर्थ साधारण "भावनेला शब्द नसणं". रोनाल्ड लेव्हंट या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की याचं सौम्य रूप पुरुषांमध्ये वाढवण्यातूनच येतं, लहानपणापासून रडू नको म्हणून म्हणून शब्दच गळून जातात.

शब्द मिळाल्याने फरक काय पडतो? २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये ठेवून भावना दिसणाऱ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. भावनेला नाव द्यायला सांगितलं तेव्हा मेंदूतला अमिग्डाला, जो धोक्याची घंटा वाजवतो, तो शांत झाला आणि कपाळामागचा आवर घालणारा भाग जास्त काम करू लागला. नुसतं नाव देऊन.

करायचं काय, तर दिवसातून दोनदा, जेवणाआधी म्हणा, तीन गोष्टी लिहा: अंगात कुठे जाणवतंय (छाती, जबडा, पोट), त्याला नाव काय (राग, लाज, भीती, दुःख, एकटेपणा, अपराधीपणा), आणि कशावरून आलं. "राग" लिहिलंत की एकदा थांबून विचारा याच्या खाली काय आहे, कारण पुरुषांचं दुःख किंवा लाज बऱ्याच वेळा रागाचा कोट घालून येते. शब्द सापडत नसतील तर स्तोत्रसंहिता उघडा. ३२ व्या स्तोत्रात गप्प राहिल्याने हाडं झिजली असं आहे, ४२ व्यात माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो तू खिन्न का. दावीद राजा होता, योद्धा होता, आणि रडण्याबद्दल त्याच्याइतकं कोणी लिहिलेलं नाही. लाजारच्या थडग्यापाशी येशू रडला, तेही दोन मिनिटांत त्याला उठवणार आहे हे माहीत असताना! मला ते वचन कळायला चाळीशी उजाडली.

देवाशी भांडा, पण लिहून

आपल्याकडे उपासनेत स्तुती असते, उपकारस्तुती असते, विलाप जवळजवळ नसतो. बायबलमध्ये मात्र भरपूर आहे. १३ वं स्तोत्र फक्त ६ वचनांचं आहे आणि सुरुवातीलाच चार वेळा "कुठवर" असा प्रश्न येतो. पहिल्या दोन वचनांत तक्रार, पुढच्या दोनात मागणी, शेवटच्या दोनात भरवसा. हाच साचा घ्या आणि स्वतःचं लिहा. शेवटचा भरवशाचा भाग जमला नाही तर खोटा लिहू नका, ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय.

याला क्लिनिकल जोड आहे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या ते पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा गेले. पण लिहिल्या लिहिल्या त्यांना बरं नाही, उलट वाईटच वाटलं होतं, हे लक्षात ठेवा. मी तिसऱ्या दिवशी वही फेकून दिली होती, चौथ्या दिवशी उचलून आणली. टायमर लावा, शुद्धलेखन सोडा, कोणाला दाखवायचं नाही, आणि नंतर लगेच झोपायला जाऊ नका, थोडं चालून या. अपवाद एक: लहानपणीचा अत्याचार, युद्ध, अपघात असली आठवण असेल आणि लिहिताना तुम्ही त्या खोलीतच परत जात असाल, हातपाय बधिर होत असतील, तर थांबा. ती एकट्याने उघडायची पेटी नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय.

एक माणूस

याकोबाच्या पत्रात ५:१६ ला एकमेकांजवळ कबुली द्या आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणजे बरे व्हाल असं आहे. एकमेकांजवळ. आपण ते "देवाजवळ एकट्याने" असं वाचून मोकळे होतो. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची मुळं एका ख्रिस्ती चळवळीत होती, आणि त्यांच्या पाचव्या पायरीत देव, आपण स्वतः आणि अजून एक माणूस अशा तिघांसमोर चूक कबूल करायची असते. तो तिसरा माणूस काढला तर पायरी लंगडी होते.

माणूस निवडताना बघा की तो दुसऱ्यांच्या गोष्टी तुम्हाला सांगतो का. सांगत असेल तर तुमचीही जाणार. बायको हीच एकमेव व्यक्ती नको, तिच्यावर सगळा भार पडतो. वाक्य आधी पाठ करून जा, कारण ऐन वेळी आपण क्रिकेटवर घसरतो: "मला तुला एक सांगायचंय, सल्ला नको, फक्त ऐक, गेले काही महिने माझं बरं चाललेलं नाही." बस. गाडीत किंवा चालताना सांगितलं तर सोपं जातं, डोळ्यात बघावं लागत नाही.

आणि तो माणूस कमी पडेल याची तयारी ठेवा. गेथशेमाने बागेत येशूने पेत्राला आणि जब्दीच्या दोन मुलांना सोबत नेलं, माझा जीव मरणप्राय दुःखी आहे असं सरळ सांगितलं, माझ्यासोबत जागे राहा म्हणाला, आणि ते झोपले. देवाच्या पुत्राला मित्रांकडे सोबत मागायला कमीपणा वाटला नाही आणि मित्र नापास झाले म्हणून त्याने पुन्हा जाऊन बघणंही सोडलं नाही, तीनदा गेला. माझा पहिला माणूस पण झोपला, म्हणजे म्हणाला सगळ्यांचंच असं असतं रे. दुसरा जागा राहिला.

थेरपिस्ट आणि डॉक्टर कसे निवडायचे

इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात म्हणून जरा सविस्तर.

पहिला प्रश्न, ख्रिस्तीच पाहिजे का? १९९२ मध्ये रेबेका प्रॉप्स्ट आणि सहकाऱ्यांनी डिप्रेशन असलेल्या श्रद्धाळू लोकांवर एक अभ्यास केला. कॉग्निटिव्ह थेरपीत (म्हणजे विचार पकडून तपासायची पद्धत, खाली सांगतो) त्यांच्या श्रद्धेतल्या प्रतिमा आणि युक्तिवाद वापरले तर चांगला फायदा झाला, पण गंमत अशी की ती धार्मिक थेरपी देणारे स्वतः धार्मिक नसलेले थेरपिस्ट सगळ्यात भारी ठरले. पुढे २०१५ मध्ये हॅरल्ड कोनिग यांच्या टीमने १३२ जणांवर धर्माशी जोडलेली सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) आणि नेहमीची सीबीटी यांची तुलना केली, दोन्ही जवळपास सारख्याच चालल्या. म्हणजे थेरपिस्टला तुमच्या विश्वासाचा मान ठेवता आला पाहिजे आणि त्याला त्याचं काम आलं पाहिजे. तो रविवारी कुठे जातो हा मुद्दा त्यानंतरचा.

पहिल्या भेटीत हे विचारा, लाजू नका:

- तुमचं शिक्षण आणि लायसन्स किंवा नोंदणी काय आहे?
- माझ्यासारख्या तक्रारीवर कोणती पद्धत वापरता आणि साधारण किती सेशन लागतात?
- माझा विश्वास माझ्यासाठी महत्त्वाचा आहे, सेशनमध्ये त्याबद्दल बोललो तर चालेल का?
- फरक पडतोय की नाही हे आपण कसं बघणार?

तिसऱ्या प्रश्नावर तो हसला किंवा त्याने विषय बदलला तर दुसरा शोधा. आणि "ख्रिस्ती कौन्सेलर" अशी पाटी आहे पण पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही, तरीही दुसरा शोधा. हे दुसरं लोक करत नाहीत कारण संकोच वाटतो.

गोळ्यांबद्दल. डिप्रेशनच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला २ ते ४ आठवडे लागतात, पूर्ण दिसायला ६ ते ८, आणि बरं वाटल्यावरही साधारण ६ महिने तरी चालू ठेवायला सांगतात. स्वतःहून एकदम बंद करू नका, चक्कर, झटके बसल्यासारखं, चिडचिड होते आणि आजार परत यायचा धोका असतो. सुरुवातीला मळमळ होऊ शकते, सेक्सच्या तक्रारी येऊ शकतात, आणि पुरुष नेमकं याच कारणाने न सांगता गोळी सोडतात. अरे डॉक्टरला सांगा, डोस बदलतो, गोळी बदलते, त्यांना यात नवीन काही नाही. मला मंडळीतल्या एका ज्येष्ठाने सांगितलं होतं की गोळी म्हणजे विश्वास कमी, मी त्यांचं ऐकून तीन आठवड्यांत बंद केली आणि त्यानंतरचे दोन महिने मला आठवायला पण नको वाटतात. लूकला पौल प्रिय वैद्य म्हणतो. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं पौलच लिहितो, प्रार्थना वाढव असं नाही लिहीत.

पाळकांचं किंवा फादरचं काम वेगळं आहे आणि ते कमी नाही: सोबत, कबुली ऐकणं, पापक्षमेची खात्री देणं, प्रभुभोजन, मंडळीत जागा. आवाज ऐकू येणं, दिवसेंदिवस न झोपता भन्नाट उत्साह, कोणीतरी पाळतीवर आहे असं वाटणं, हे दिसलं तर पाळकांनी आधी डॉक्टरकडे पाठवायचं, सैतान काढायच्या सभेत नाही. अँटन बॉइझन नावाचे एक पाळक १९२० मध्ये स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाले होते, बरे होऊन त्याच प्रकारच्या रुग्णालयात चॅप्लिन (हॉस्पिटलमधले पाळक) झाले आणि १९२५ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तिथे आणून शिकवायला लागले. हॉस्पिटल चॅप्लिनचं आजचं ट्रेनिंग तिथून सुरू झालं. पाळकांना हे सांगून बघा, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

थेरपिस्ट आणि पाळक या दोघांना एकमेकांशी बोलू द्यायचं असेल तर लेखी परवानगी द्या आणि काय सांगायचं नाही तेही लिहा.

विचार पकडणं

सीबीटी ही ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात उभी केलेली पद्धत, तिचं मूळ काम असं की घटना आणि भावना यांच्या मधला विचार पकडून तपासायचा. पौलाने करिंथकरांना प्रत्येक विचार कैद करण्याबद्दल लिहिलंय (संदर्भ तिथे खोट्या शिकवणीशी वादाचा आहे, तरी सवय तीच). वहीत चार रकाने करा. माझं एक खरं पान:

घटना: बॉसने मीटिंगमध्ये माझी चूक दाखवली. विचार: मी कुचकामी आहे, देवालाही माझा कंटाळा आला असेल. भावना: लाज, १०० पैकी ८०. तपासणी: एक आकडा चुकला, बाकी रिपोर्ट बरोबर होता, पेत्राने तीनदा नाकारूनही त्याला कामावरून काढलं नव्हतं. लाज परत मोजली, ४५.

४५ म्हणजे शून्य नाही, आणि ते पुरेसं आहे. वचनाचा वापर तोंड बंद करायला करू नका. "कशाचीही चिंता करू नका" हे फिलिप्पैकरांसचं वचन स्वतःच्या डोक्यात हातोड्यासारखं मारलं तर चिंता करतो याची अजून एक चिंता होते. त्याच वाक्यात पुढे मागणी देवाला कळवा असं आहे, म्हणजे चिंतेला तोंड फोडा.

लाज आणि अपराधीपणा हे दोन वेगळे करा. मी चुकीचं केलं हा अपराधीपणा, त्यावर इलाज आहे: कबुली, भरपाई, बदल. मी माणूसच चुकीचा आहे ही लाज, ती लपायला लावते आणि संशोधनात तिचा संबंध रागाशी आणि दुसऱ्यावर दोष टाकण्याशी दिसतो. पोर्नच्या सवयीत पुरुष नेमके इथे गरगर फिरतात, लाज वाटते, लाज घालवायला परत तेच.

आणि एक सावधान. तीच कबुली दिवसात वीस वेळा, प्रार्थना बरोबर झाली नाही म्हणून परत पहिल्यापासून, पवित्र आत्म्याविरुद्ध पाप केलं का या भीतीने रात्ररात्र जागरण, हे जास्त भक्ती नसून ओसीडी असू शकतं, म्हणजे नको ते विचार आणि त्यांच्यापायी तीच कृती परत परत करायला लावणारा आजार. जुन्या काळी चर्चमध्येच याला स्क्रुपल्स म्हणायचे. इथे अजून प्रार्थना सांगणं म्हणजे आगीत तेल. याच्यावर वेगळी थेरपी आहे, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, आणि समजूतदार पाळक सोबत असले तर ती फार चांगली चालते.

जुनी आठवण, कोळशांच्या विस्तवापाशी

योहानाच्या १८ व्या अध्यायात पेत्र कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभा असतो आणि येशूला नाकारतो. २१ व्या अध्यायात येशू किनाऱ्यावर त्याला न्याहारीला बोलवतो, आणि तिथेही कोळशांचा विस्तव. मूळ ग्रीकमधला तो शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. तोच धूर, तोच वास, आणि तीन नकारांना तीन प्रश्न.

ट्रॉमाचं, म्हणजे मनावरच्या खोल आघाताचं, काम शिकलेल्या माणसाला ही गोष्ट सांगा, तो खुर्चीत सरसावून बसेल. वास, आवाज, जागा यांनी जुनी आठवण अंगात परत पेटते, आणि ट्रॉमा-केंद्रित उपचारात त्याच आठवणीकडे परत जातात, पण यावेळी सुरक्षित जागी, सोबत माणूस असताना, हळूहळू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्यांच्या पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) ट्रॉमा-केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली आहे. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळे एका बाजूहून दुसरीकडे फिरवायचे असतात. दिसायला विचित्र आहे, आणि डोळे फिरवल्याने नेमकं काय होतं यावर तज्ज्ञांत वाद आहेत, तरी उपचाराचा फायदा चाचण्यांत दिसलाय.

पेत्राच्या गोष्टीतला क्रम बघा, आधी न्याहारी, मग प्रश्न. थेरपीतही आधी काही सेशन फक्त स्थिर व्हायला जातात, ती वाया गेली असं समजू नका. मध्ये येशूची कल्पना करून प्रार्थना करायची असेल तर थेरपिस्टला सांगून करा. आणि प्रार्थना करणाऱ्या कोणी "मला दिसतंय तुझ्यासोबत लहानपणी असं झालं होतं" असं सुचवलं तर उठून जा. आठवणी सुचवून तयार होऊ शकतात, यात घरं मोडली आहेत.

क्षमा, घाई न करता

हे मुद्दाम शेवटी ठेवलंय, चर्चमध्ये हे पहिलं सांगतात. एव्हरेट वर्दिंग्टन हे ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ, क्षमेवर काम करत होते तेव्हाच १९९६ च्या नव्या वर्षाच्या सुमाराला त्यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोराने खून केला. त्यांच्या पद्धतीच्या पाच पायऱ्या आहेत: दुखणं नीट आठवणं, समोरच्याच्या जागी उभं राहून बघणं, क्षमा ही भेट म्हणून देणं (आपल्यालाही कधी मिळाली होती हे आठवून), ती कुठेतरी नोंदवणं, आणि परत राग उफाळला तरी धरून ठेवणं. याचं स्वतः सोडवायचं वर्कबुक ५ देशांत साडेचार हजारांहून जास्त लोकांवर तपासलं, निकाल २०२४ मध्ये आले, क्षमा वाढली आणि डिप्रेशन, चिंता दोन्ही कमी झाल्या.

पहिली पायरी बघा, आठवणं. "जाऊ दे, विसर" नाही. आणि क्षमा म्हणजे परत जवळ जाणं नाही. योसेफाने भावांना क्षमा केली पण ओळख द्यायच्या आधी त्यांना पारखून घेतलं, ते बदललेत का बघितलं, मधेमधे बाजूला जाऊन रडून आला. मारणारा बाप, अत्याचार करणारा नातेवाईक, यांना मनात क्षमा करून दार बंद ठेवता येतं, पोलिसांकडेही जाता येतं. मी वडिलांच्या बाबतीत चौथ्या पायरीवर दोन वर्षं आहे, आणि माझी थेरपिस्ट आणि माझे पाळक दोघंही घाई करत नाहीत.

मध्येच गाडी घसरली तर

घसरणार. दर २ आठवड्यांनी पीएचक्यू-९ परत भरा, वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी लिहा. ६ ते ८ आठवड्यांत आकडा हललाच नाही तर डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघांना दाखवा, उपचार बदलायची वेळ असू शकते, तुमचा विश्वास कमी पडला असं त्यातून निघत नाही. आकडा अर्धा झाला तर तो चांगला प्रतिसाद धरतात. देवाने शिक्षा केली, देवाने सोडून दिलं अशी भावना टिकून राहिली तर तीही मोजण्यासारखी गोष्ट आहे, केनेथ पार्गामेंट यांच्या कामात अशा धार्मिक झगड्याचा संबंध तब्येत बिघडण्याशी दिसतो, म्हणून ती लपवू नका, थेरपीत पण काढा आणि पाळकांपुढे पण.

पहिल्या आठवड्यासाठी एवढंच: प्रश्नावली भरा, अपॉइंटमेंट घ्या, उठायची वेळ ठरवा. बाकी नंतर. आणि पुढच्या वेळी गटात प्रार्थनेचा विषय विचारला की आईच्या गुडघ्यांच्या आधी एक वाक्य स्वतःचं सांगून बघा. मी सांगितलं तेव्हा खोलीत बराच वेळ शांतता होती, मग समोरच्या खुर्चीवरचा, ज्याला मी कायम हसतानाच बघितलं होतं, तो खाली बघत म्हणाला, "माझं पण."